सतरा नंबरची स्लिप

"ह्या मालावर माझा नंबर लावणार न्हाय मी," ती म्हणाली आणि हातातली कात्री टेबलावर ठेवली.

सकाळचे साडेदहा वाजले होते. कंटेनर दारात उभा होता आणि संध्याकाळी बंदराकडे निघणार होता. इंदापूर रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी सुपरवायझर होतो. बागेतून आलेली द्राक्षं थंड करायची, खराब मणी कात्रीनं काढायचे, घड डब्यांत भरून परदेशी पाठवायचे, एवढंच तिथलं काम. एका टेबलाला आठ बायका आणि प्रत्येकीला एक नंबर. भरलेल्या खोक्यावर जिनं तिनं आपल्या नंबरची स्लिप चिकटवायची. उद्या तक्रार आली, तर माल कोणी भरला ते लगेच सापडतं.

ती बावडा गावची. नंबर सतरा. बाकीच्या तिला हाकही "ए सतरा" अशीच मारायच्या.

मी टेबलाशी गेलो. तिनं एक घड उजेडात धरला. मण्यांवर पांढरट डाग होते.

"आबा, ह्यो फवारा ताजा हाय. माझी जाऊ त्याच बागेत तोडायला व्हती. चार दिवसांमागं भुरीवर औषध मारलंय."

फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरावीक दिवस जावे लागतात. नाहीतर औषधाचा अंश फळात राहतो. तोडणीआधी नमुना लॅबला जातो आणि रिपोर्ट चांगला आला तरच माल निघतो. आमच्याकडे रिपोर्ट होता, खराही होता. पण तो फवारणीच्या आधीच्या द्राक्षांचा होता.

डाग मलाही दिसले होते. तिच्या आधी, सात वाजता, क्रेट उतरवताना. बघून मी पुढे गेलो होतो.

"रिपोर्ट आहे आपल्याकडे," मी म्हणालो.

"रिपोर्ट कोण खाणार हाय? ही द्राक्षं कुणाची तरी लेकरं खाणार."

"बरं. दुसरीचा नंबर लावू."

समोर अठरा नंबरची शोभा होती. "माझ्याकडं बघू नका, आबा. सतरा न्हाय तर अठरा बी न्हाय."

दोन मिनिटांत आठही कात्र्या खाली होत्या.

मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं. बागेबद्दल एक शब्द विचारला नाही.

"ती ख्रिश्चन ना? जेवताना डोळे मिटून काय पुटपुटते?"

"प्रार्थना करते."

"मग झालं तर. कामावर धर्मप्रचार करते, बायकांना बाटवते, असं लिहा. खाली सही करा. बाकीच्या आपोआप सरळ होतील."

मी कागद घेतला आणि तो म्हणाला तसं लिहिलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मीही ख्रिस्ती आहे. आजोबांपासून. मालकाला ते माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी तिथं फक्त एस. बी. साळवे होतो. नाताळची सुट्टी पाहुण्यांकडे लग्न आहे म्हणून काढायचो. डबा माझ्या केबिनमध्ये, दार लावून खायचो. तिला मात्र माहीत होतं. बारामतीच्या चर्चमध्ये तिनं मला दोनदा पाहिलं होतं. पॅकहाऊसमध्ये त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

तिचा "प्रचार" मी रोज काचेतून बघत होतो. डबा उघडायच्या आधी ती दहा-बारा सेकंद डोळे मिटायची. पहिल्या सीझनला बायका हसल्या. "ए सतरा, भाजीत काय पडलं का बघती व्हय?" ती म्हणायची, "ज्यानं भाकर दिली त्याला सांगते, मिळाली म्हणून." कोणी पुढं विचारलं तर येशूचं नाव घ्यायची, नाही विचारलं तर ठेचा पुढं करायची. दुसऱ्या सीझनला अख्खं टेबल तिचे डोळे उघडेपर्यंत थांबायला लागलं. कोणी बाटलं नव्हतं. शोभाच्या गळ्यात खंडोबाचा टाक तसाच होता.

दुपारी दोन वाजता मालकाच्या केबिनमध्ये तिला आणि शोभाला उभं केलं. मी मालकाशेजारी बसलो होतो.

"कामावर धर्म शिकवतेस?" मालकानं विचारलं.

"जेवायच्या सुट्टीत प्रार्थना करते. इच्यारलं तर सांगते. न इच्यारता कुणाच्या गळ्यात बांधलं न्हाय."

मालकानं कागद शोभापुढे सरकवला. "हिनं तुला काय काय सांगितलं, ते यात लिहिलंय. अंगठा कर."

"अंगठा कशाला? सही येती मला," शोभा म्हणाली. तिनं कागद वाचला, सगळा. "माझा नवरा दवाखान्यात व्हता तवा हिनं पंधरा दिस माझ्या पोरांना जेवू घातलं. मीच म्हणलं, तुझ्या देवाला बी एक शब्द टाक. त्याला बाटवणं म्हणत्यात व्हय? ती डोळं मिटून खरं बोलती, आन् तुमी डोळं उघडं ठिवून हे लिवलंय."

मालक तिच्यावर ओरडला नाही. सतरा नंबरकडे वळला. "इथं अजून कोण कोण आहे तुमच्यातलं?"

एका शब्दात ती मला बुडवू शकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मी माझ्यापुरतं बोलते, मालक."

त्या कागदावर एकच सही झाली. माझी.

तिला त्याच दिवशी काढलं. बाकीच्या सातजणींनी त्या मालाला हात लावला नाही, म्हणून संध्याकाळच्या आत लोडिंगच्या माणसांनीच तो भरला. त्यांना नंबर नव्हते. स्लिपा कुठल्या लावायच्या, असं त्यांनी मला विचारलं. टेबलावर तिच्या स्लिपांचा रोल पडला होता. "तोच वापरा," मी म्हणालो. कंटेनर सतरा नंबरच्या नावावर गेला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तो माल परत आला नाही. तिकडे प्रत्येक खोकं तपासत नाहीत. मालकानं पुढच्या वर्षी शेड वाढवली. तिला मात्र कुठल्याच पॅकहाऊसनं घेतलं नाही, कारण माझा कागद तिच्या आधीच तिथं पोचलेला असायचा. ती उन्हात भेंडी तोडायला जायला लागली. "ती बाटवणारी" हे नाव बावड्यात अजून आहे. ते माझ्या अक्षरात सुरू झालं. शोभाचं टेबल सीझन संपेपर्यंत डबा उघडायच्या आधी थांबत राहिलं. मी दार लावून जेवत राहिलो.

आता मी रिटायर आहे, आणि चर्चमध्ये आबा म्हणून मान आहे. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी सांगितलं, "महिला मंडळापुढं बोला. विषय आहे, रोजच्या जगण्यात स्त्रियांनी विश्वासाची साक्ष कशी द्यावी. मुद्दे काढून आणा." मला संताप आला. मुद्दे! अकरा वर्षं तोंड शिवून बसलेल्या माणसानं बायकांना मुद्दे द्यायचे? ज्या बाईनं हे करून दाखवलं, तिला आपल्या चर्चमधल्या कोणी त्या वेळी विचारलंही नाही. कामावर जपून राहायला हवं होतं, म्हणाले. मीही मान डोलावली होती.

मी बावड्याला गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, रोलचंही. रोलचं ऐकून तिचे हात थांबले.

"एवढं न्हवतं म्हाईत मला," ती म्हणाली.

"हे सगळं मंडळात वाचून दाखवू का? तुझं नाव घेऊन?" मी विचारलं.

"माझं न्हाय. माझा नंबर एकदा लावलाय तुमी, तेवढं बास. ह्याला तुमचं नाव लावा. आख्खं."

तिनं पाणी दिलं. माफ केलं, असं म्हणाली नाही. मीही मागितली नाही.

इतकी वर्षं क्वालिटीत काढून मला एवढंच कळलंय. खोक्यावर भरणारीचा नंबर असतो, पास करणाऱ्याचा नसतो. म्हणून मुद्द्यांऐवजी मंडळात हेच वाचणार आहे आणि खाली सही करणार आहे.

शमुवेल भाऊराव साळवे.