भिंत न फोडता

तुंबलेला पाइप मोकळा करायला भिंत फोडावी लागेल, असं कुणी म्हटलं की तारवाल्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. लांबलचक स्प्रिंगच्या तारेचं वेटोळं खांद्यावर टाकून ते नळकामाला हिंडायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना तारवाले म्हणत. पुढे त्यांनी तारेच्या टोकाला बसणारा एक छोटा कॅमेरा घेतला, आणि मग तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. लोकांच्या मोरीत कॅमेरा सोडायचा आणि घरच्यांना बोलवायचं, "या वहिनी, बघा, तुमच्या चिरंजिवांनी काय काय टाकून ठेवलंय!" एकही फरशी न उखडता काम झालं की ते हात पुसत म्हणायचे, "फोडायला काय, कुणीही फोडेल."

घरी बायको पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. आजूबाजूच्या निम्म्या पोरांची ती मावशी. तोंडाने फटकळ, पण दोन्ही काखेत एकेक पोर घेऊन वरणभात कालवायची. "जगाचे पाइप धुताय," ती म्हणायची, "आणि आपलं बेसिन कधीचं रडतंय, तिकडे बघायला सवड नाही."

तिला संडासातून रक्त जायला लागलं, तेव्हा दोघांनी मूळव्याध म्हणून बरेच दिवस काढले. शेवटी बाहेरगावी नोकरी करणारी मुलगी आली आणि आईला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. आतड्याच्या शेवटाकडे एक चपटा कोंब होता. डॉक्टरबाईंनी तो दुर्बिणीतूनच सोलून अख्खा काढला. पोटाला टाका नाही, चिरा नाही. दुसऱ्या दिवशी बायको घरी. कोंब काढल्यानंतरचा फोटो बघून तारवाले हरखून गेले.

"डॉक्टरबाई, तुमचा नि माझा धंदा एकच की हो!"

डॉक्टरबाई हसल्या. पण तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर आहे. अगदी सुरुवातीचा. वरच्या थरात असता तर इथेच काम संपलं असतं. पण मूळ जरा खोल गेलंय, आणि एका बारीक वाहिनीत त्याच्या पेशी दिसल्यात. आतड्याच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यांनाच बारीक गाठी असतात. तिथे काही पोचलंय का, हे मला आतून दिसत नाही. ऑपरेशन केलं तर आतड्याचा तेवढा तुकडा आणि त्या गाठी काढून तपासता येतील."

"पोचलं असेल?" तारवाल्यांनी विचारलं.

"अशा दहा जणांत आठ-नऊ जणांच्या गाठी स्वच्छ निघतात."

"म्हणजे आठ-नऊ जणांची उगाच चिरफाड!"

"तसं म्हणा हवं तर. पण ते आठ-नऊ जण कोण, हे आधी कळत नाही." डॉक्टरबाईंनी काहीच लपवलं नाही. ऑपरेशन मोठं होतं. आतला जोड कधीकधी सुटतो. काही महिने संडास पोटाला लावलेल्या पिशवीत होईल, पुढेही त्याची वेळ सांभाळणं जड जाईल. "तरी माझा सल्ला ऑपरेशनचा. नकोच असेल तर ठरल्या वेळी दुर्बीण आणि ठरल्या वेळी स्कॅन. दोन्ही. एक करून भागणार नाही."

बसस्टॉपवर बायको म्हणाली, "करून टाकू या का एकदाचं?"

"अगं, फोटो बघितलास ना? आरशासारखं लख्ख आहे आत. लख्ख पाइपासाठी कुणी भिंत फोडतं का? आणि पिशवी लावून पोरं कशी सांभाळणार तू?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर राहू दे."

मुलीने फोनवर खूप वाद घातला. "ठरलंय आमचं," एवढंच आई म्हणाली.

पहिली दुर्बीण स्वच्छ निघाली, पहिला स्कॅनही. दुसरी दुर्बीण स्वच्छ. जखमेच्या जागी नुसता पांढरा वण. तारवाल्यांनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि गिऱ्हाइकांना दाखवत सुटले. मग स्कॅनची तारीख आली.

"परवाच तर दुर्बीण झाली," ते बायकोला म्हणाले. "आत काही नाही, तर बाहेर कुठून येणार?"

लोकांच्या घरात भिंतीवर नुसता तळवा टेकून हाच माणूस सांगायचा, पाइपात काही अडकलं नाही, जोडातून झिरपून आत ओल पसरलीय. हे त्यांना येत नव्हतं असं नाही. पण कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं की हत्यारं आवरायची, हे हाताला लागलेलं वळण होतं, आणि ते बायकोच्या बाबतीतही सुटलं नाही. स्कॅन राहिला. पुढचाही राहिला. दवाखान्यातून फोन आला, तो त्यांनीच घेतला. "ठणठणीत आहे हो ती. पोरं उचलतेय."

मग तिची पाठ दुखायला लागली. पोरं उचलून दुखत असेल, असं वाटलं. ब्लाउज सैल व्हायला लागले. डॉक्टरबाईंनी या वेळी कुणाचं काही ऐकलं नाही. स्कॅन करून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. गाठी वाढल्या होत्या. यकृतातही ठिपके होते.

"पण दुर्बिणीत तर..." तारवाले म्हणाले.

"दुर्बिणीत आजही स्वच्छच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर या नक्की बऱ्या झाल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. बहुतेक झाल्या असत्या."

मुलगी रजा टाकून आली. पाळणाघराची खोली रिकामी करून तिथे आईची खाट टाकली होती. मुलीने फाइल चाळली आणि मान वर केली.

"मधले दोन स्कॅन कुठेत?"

तारवाल्यांनी तोंड उघडलं. ते काही बोलण्याआधीच खाटेवरून आवाज आला, "मीच नको म्हटलं."

"आई!"

"कंटाळा आला गं मला. सारखं ते मशीन. तुझे बाबा मागे लागले होते, मी ऐकलं नाही."

"आणि ऑपरेशन?"

"तेही मीच. पिशवी नको वाटली."

मुलगी आईवर कडाडली. एवढा हट्टीपणा, एवढा आडमुठेपणा, आम्हा दोघांचा विचारसुद्धा केला नाहीस, असं म्हणत ती ओरडत राहिली आणि शेवटी खाटेच्या कडेला डोकं टेकून रडायला लागली. आई तिच्या केसांतून हात फिरवत सगळं ऐकून घेत होती. तारवाले दाराच्या चौकटीला धरून उभे होते. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडला नाही.

मुलगी औषध आणायला गेल्यावर ते खाटेपाशी बसले. "का गं असं केलंस? मी सांगतो तिला. आज सांगतो."

"काही सांगायचं नाही."

"पण तुझा काय दोष? तू तर करू या म्हणाली होतीस."

"हो. म्हणाले होते." ती पहिल्यांदाच हे बोलली. "घाबरले होते मी. पण तो फोटो बघून तुम्ही इतके खूश होतात..." तिला दम लागला. "तिला रागवायचंय ना, माझ्यावर रागवू दे. मी किती दिवस पुरणार? तुम्हाला तिच्याबरोबर दिवस काढायचेत. तुमच्यावर रागावली तर जेवलात का म्हणून कोण विचारणार तुम्हाला?"

त्यांनी तिच्या पायांवर कपाळ टेकलं. "उठा," ती म्हणाली, "ती येईल."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

तारवाले आता मुलीकडे असतात. तार आणि कॅमेरा त्यांनी दुसऱ्या एका कारागिराला देऊन टाकला. मुलगी त्यांना वेळेवर औषध देते, त्यांच्या ताटात गरम पोळी वाढते. कधी जेवताना आईचा विषय निघतो, आणि तिचा घास हातातच राहतो.

"बाबा, तेव्हा आईने तुमचं ऐकलं असतं तर?"

तारवाले ताटातली पोळी मोडतात. "हं," म्हणतात.