उष्ट्या पुंगळ्या

काडतुसाची सहावी पुंगळीही गळ्यापाशी फाटली. रावसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमची डाय कुचकामी आहे.”

मी तेव्हा पंचविशीतला. सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. आमच्या विट्याची माझ्या वयाची पोरं सोनं गाळायला देशभर पांगली होती, थोरला भाऊसुद्धा त्यातच. मी एकटा लोखंडाच्या नादी लागलो. ती डाय मी आठ दिवस लेथवर खपून केली होती. कुणी माझ्या नाकाला नावं ठेवली असती तर चाललं असतं, पण डायला?

ही गोष्ट सांगलीजवळच्या एका लहानशा संस्थानातली. रावसाहेब तिथल्या शिकारखान्याचे अधिकारी. लढाई चालू होती, त्यामुळे महाराजांच्या मोठ्या रायफलीची काडतुसं विलायतेहून यायची बंद झाली होती. दसऱ्यानंतर पाहुणे येणार होते आणि उसात धुमाकूळ घालणाऱ्या रानडुकरांची शिकार ठरली होती. दारू होती, शिसं होतं. पितळी पुंगळ्याही होत्या, पण वापरलेल्या.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येते. फक्त बार उडाला की ती फुगते, मग रायफलीत बसत नाही. तिला मूळ मापावर आणायला पोलादाचा एक साचा लागतो, तीच डाय. प्रेसचा दांडा ओढला की पुंगळी डायमध्ये घुसते आणि दाबली जाऊन मापात बाहेर येते. ऐकायला सोपं आहे. पण पुंगळी फाटकी असली तर बाराची आग मागे येते, थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे. आणि भरलेलं पहिलं काडतूस महाराज उडवत नसत. ते काम हणमंत हवालदाराचं.

हवालदार कडेगावकडचे. पलटणीतून पेन्शन घेऊन संस्थानात आलेले. हत्यारं सांभाळायची आणि पहिला बार काढायचा, ही त्यांची नोकरी. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. माझी डाय बसवताना त्यांनी प्रेसला हळद-कुंकू वाहिलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

“सोमवारपर्यंत जमलं नाही तर डाय परत घेऊन जा,” रावसाहेब म्हणाले. निघताना आमच्या मालकांनीही बजावलं होतं, “डाय परत आली तर तू येऊ नकोस.” एकूण माझी दोन्हीकडून सोय झाली होती.

मी कामाला लागलो. डाय खोलून मापं घेतली. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही थाऊ म्हणतो. डाय एका थाऊनेसुद्धा चुकली नव्हती. तरी आतून पुन्हा घासून आरसा केली. सातवी पुंगळी आत जाऊन अडकली, निघता निघेना. तेल कमी पडलं होतं. आठवीला एरंडेल सढळ हाताने लावलं, तर तिच्या खांद्यावर पोचा पडला. जास्तीच्या तेलाला पळायला जागा राहिली नव्हती. डायला वरून बारीक भोक पाडलं, तेल बोटाने नुसतं पुसल्यासारखं लावलं. अडकणं थांबलं, पोचे थांबले. फाटणं काही थांबेना.

मग वाटलं, पितळ कडक झालं असणार. बार उडाला, पुंगळी फुगली, पुन्हा दाबली, की पितळ ताठर होतं. सोनारही पत्रा ठोकताना मधूनमधून तापवून मऊ करतो. मी परातीत पाणी घेतलं, पुंगळ्या त्यात उभ्या केल्या. बूड थंड राहिलं पाहिजे, कारण जोर बुडावर येतो. वरचे गळे तेवढे शेगडीच्या ज्वाळेवर धरले, रंग बदलताच पाण्यात आडव्या केल्या. मोठ्या ऐटीत दांडा ओढला. तीनातल्या दोन फाटल्या.

“छान,” रावसाहेब म्हणाले.

मी खाली मान घालून बसलो. समोर टेबलावर त्यांची लाल पेन्सिल उभी होती. ती ज्यात उभी होती, ती त्याच रायफलीची पुंगळी होती.

“साहेब, ही जरा देता?”

“आता तीपण फाडा.”

तापवली नाही, काही नाही. तेलाचं बोट फिरवलं आणि दांडा ओढला. पुंगळी नवरीसारखी नटून बाहेर आली. गळ्यावर ओरखडासुद्धा नाही. डाय तीच, तेल तेच, हात तोच. म्हणजे खोट डायमध्ये नव्हती. मला इतका आनंद झाला की मी रावसाहेबांसमोर शीळ घातली. त्यांनी पेन्सिल मुकाट्याने फुलदाणीत खोचली.

मी हवालदारांना गाठलं. “हवालदार, या बाकीच्या पुंगळ्या तुमी ठेवता कुठं?”

“पागंत. माळ्यावर, गोणीत.”

“घोड्यांच्यात? आवं, शिलेखान्यात जागा असताना?”

हवालदारांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरलो. शिलेखाना म्हणजे हत्यारांची खोली. खंडेनवमीला तिथे तलवारी, बंदुका मांडून पूजा होते.

“उष्टी हायत ती, मिस्त्री,” ते म्हणाले. “बार झाला, जनावर पडलं, रगत सांडलं. उष्टं ताट कुणी देवाफुडं ठेवतं व्हय? माज्या हातनं तरी न्हाई व्हायचं. पागंत कोरडं हाय, राखण हाय. पाऊसकाळभर तिथंच असत्यात.”

आम्ही पागेत गेलो. मी शिडीवरून माळ्यावर डोकं काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं. खाली घोडी, वर कौलं, पावसाळाभर दारं बंद. त्या कोंडलेल्या वासाने मला थेट घरी नेलं. आमच्या दारात कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, तेव्हा असाच वास नाकात शिरायचा. आई ओरडायची, “पितळंची समई तितनं उचल, खाऊन टाकंल त्यो नवसागर.” घोड्याच्या मुताची वाफ त्याच जातीची.

भावाने दिलेलं सोन्याचा कस बघायचं भिंग माझ्या खिशात असायचं. गोणीतली पुंगळी उजेडात धरून बघितली. गळ्यावर केसाएवढ्या चिरा. डायमध्ये जायच्या आधीच होत्या. तापवून पितळ मऊ होतं, चीर सांधत नाही. माझी डाय फाडत नव्हती, फाटलेलं उघड करत होती. खाली उतरून हवालदारांना ते सगळं सांगितलं.

कचेरीत आलो. आता सांगायचं कसं? माझी डाय सुटत होती, पण हवालदार अडकत होते. मी आडवळणाने सुरुवात केली. “साहेब, पितळाला हवा लागलीय. गोणीतल्या सगळ्या बाद करा.”

“सगळ्या? मग पाहुण्यांसमोर महाराज काय गोफण फिरवणार? ज्या डायमध्ये फाटत नाहीत, तेवढ्या भरा.”

“त्यातल्याही आतून चिरलेल्या असतील. भिंगाला सगळंच दिसत नाही.”

“पहिला बार हवालदार काढतातच की. तेव्हा कळेल.”

मला राग आला. साहेबांसमोर आवाज चढवायची माझी पायरी नव्हती, पण चढला. “कळेल साहेब. हवालदारांचा डोळा गेल्यावर कळेल. मी भरू देणार नाही. डाय काढून घेऊन जातो, मालकांना काय सांगायचं ते सांगतो.”

तेवढ्यात दारातून हवालदार पुढे आले आणि सलाम ठोकून उभे राहिले.

“साहेब, मिस्त्री माजं नाव झाकतोय. माल पागंत म्या ठेवला. घोड्याच्या मुतानं पितळ खाल्लं. चूक माजी हाय, काय असंल ती शिक्षा द्या.”

रावसाहेबांनी पुन्हा चष्मा काढला. बराच वेळ पुसला. “शिक्षेनं पुंगळ्या येणार आहेत का? दुसरीकडे कुठे आहेत का, ते सांगा.”

हवालदारांचा चेहरा उजळला. “हायत की! उन्हाळ्यात छावणी पडलीवती, तवाच्या अकरा पेटीतच ऱ्हायल्या. पागंत न्यायच्या इसरल्या.”

अकरा आणि रावसाहेबांच्या पेन्सिलीची एक, अशा बारा. मी त्या भिंगाखाली फिरवून बघितल्या. एकही चीर नव्हती. परात मांडली, शेगडी पेटवली आणि एकेकीचा गळा तापवून ती पाण्यात आडवी केली. हवालदार शेजारी उकिडवे बसून टक लावून बघत होते. पाचवी-सहावी झाली असेल, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“मिस्त्री, ही इस्तवातनं गेली न्हवं?”

“गेली.”

“वर पाण्यातनं?”

“व्हय.”

“मंग उष्टी कशी रं? बाटलेलं भांडंबी इस्तवातनं काढलं की चालतं.” ते स्वतःशीच हसले. “गड्या, हे आदीच कुणी सांगाय पायजे हुतं.”

बाराच्या बारा डायमधून साफ उतरल्या आणि भरूनही झाल्या. दोन दिवसांनी मैदानात हवालदारांनी पहिलं काडतूस घातलं. मी मागे उभा होतो. बार झाला. धूर विरला. हवालदार वळले तेव्हा दोन्ही डोळे जागेवर होते आणि मिशीखाली हसू होतं. मला एकदम रडू आलं. धुराने आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खंडेनवमीला शिलेखान्यात तलवारींच्या शेजारी ताम्हनात उरलेली अकरा काडतुसं मांडली होती. शिकार झाल्यावर हवालदार स्वतः सांगलीला आले, रिकाम्या पुंगळ्यांची पुरचुंडी माझ्या लेथवर ठेवली आणि म्हणाले, “मिस्त्री, शेगडी पेटवा. उष्टी हायत.”

पुढे मी आयुष्यभर डाय केल्या. बिघडली म्हणून कुणी परत आणली, तर मी डायला हात लावायच्या आधी विचारतो, “माल ठेवता कुठं?”