करडईच्या तेलाचे थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. विषय निघतोय असं वाटलं की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवायचो. असं करता करता काही वर्षं गेली. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. माझ्या मुलाच्या माथी जी चूक बसली ती त्याची नव्हती, एवढं तरी माझ्या हातचं लिहिलेलं राहावं.

मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवायचो. मुलगा त्याच शाळेत, माझ्याच वर्गात होता. पोरगा हुशार, पण लक्ष टिकायचं नाही. गणिताचं उत्तर बरोबर, आणि मधली पायरी गायब. "लक्ष कुठंय?" हे मी त्याला इतक्यांदा विचारलं की पोरांनी त्याचं तेच नाव पाडलं. मैदानावर हाका मारायची, "ए लक्षकुठंय, चेंडू आण की." मीही हसलो आहे त्यावर.

तिशी ओलांडल्यावर तो आपल्या पायानं मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेला. लक्ष न टिकणं हा आजार असतो आणि तो मोठेपणीही राहतो, हे मला तेव्हा कळलं. गोळ्यांनी फरक पडला. टॉवेलच्या कारखान्यात तो संगणकावर डिझाइन करायचा, तिथं त्याचं काम नावाजलं जाऊ लागलं. फक्त झोप गेली. त्यासाठी एका वैद्यांनी त्याला तेल लिहून दिलं.

मला त्याचा पत्ता लागला तो असा. गॅलरीत तो मित्राशी फोनवर बोलत होता. "विजया आल्यापासून बरंय बघ. डोकं शांत राहतं, झोप लागते."

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. जेवताना तिनं भाकरी वाढत विचारलं, "कुणाची रे ती? आपल्यातली आहे का?"

"कोण?"

"विजया."

त्याला हसून हसून ठसका लागला. "आपल्यातलीच आहे की, आई. महाशिवरात्रीला घोटतात ती. भांगेला वैद्य लोक विजया म्हणतात."

बायकोही हसली. मी नाही हसलो.

त्यानं काही लपवलं नव्हतं. वैद्यांची चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली, डॉक्टरबाईंकडे मला सोबत नेलं. त्या म्हणाल्या, "लक्षाच्या आजारावर याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा अजून नाही. काही लहान मुलांच्या फिट्सवर त्याच झाडातल्या एका घटकाचं औषध चालतं, ते खरं आहे. पण ते वेगळं, हे वेगळं. झोपेसाठी घेताय तर थेंब मोजून घ्या. गोळ्या सोडू नका. आणि घेतल्यावर गाडी चालवायची नाही."

यातलं मी फक्त 'पुरावा नाही' एवढंच घरी आणलं. मास्तरांचा पोरगा गांजा खातो, असं कॉलनीत म्हणतील ही भीती त्याच्याही आधीपासून मनात होती.

एका दुपारी मी ती बाटली मोरीत ओतली. वास राहावा म्हणून तळाशी थोडं ठेवलं आणि वर स्वयंपाकघरातलं करडईचं तेल भरलं. बाटली गडद काचेची, रंग कळायचा नाही. मनात मी त्याला प्रयोग म्हणत होतो. पंधरवडाभर त्याला अशीच झोप लागली की जेवताना सांगायचं, "बाबा रे, तू फोडणीचं तेल पितोयस." ते वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

पहिले काही दिवस तो खरंच झोपला. मी खूश. मग झोप उडाली. रात्री त्याच्या खोलीतला दिवा दिसायचा, सकाळी डोळे लाल. त्यानं वैद्यांना फोन केला. ते म्हणाले, हळूहळू एकेक थेंब वाढवा, चिठ्ठीत लिहिलंय त्याच्यापुढं जाऊ नका. तो वाढवत गेला. मी खुर्चीत बसून बघायचो. मोजताना त्याचे ओठ हलायचे. कशातच न टिकणारं त्याचं लक्ष त्या थेंबांवर टिकलेलं असायचं. तो शेवटच्या मर्यादेला पोचला तोवर माझ्या त्या वाक्यातली गंमत गेली होती. आता ते म्हटलं तर मीच उघडा पडणार होतो.

मग बाटली संपली आणि पार्सलनं नवी आली.

त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती. सकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, नवी बाटली फोडली. आता सांगायचं, मी ठरवलं. बायको आत चहा गाळत होती. तिच्यासमोर नको, म्हणून थांबलो. तेवढ्यात तो मोजायला लागला.

"एवढे?" मी म्हणालो.

"रोजचेच आहेत, अण्णा."

मी वर्तमानपत्र उघडलं. त्यानं तोंड पुसलं आणि आडवा झाला.

थोड्याच वेळात कारखान्यातून फोन आला. एका डिझाइनची किनार चुकीची विणली जात होती, माग थांबलाय, लगेच या. तो उठून गाडीची किल्ली शोधू लागला.

"अरे, आत्ताच घेतलंयस ना? गाडी चालवायची नाही म्हणाल्यात बाई."

"त्यानं आता काही होत नाही, अण्णा. सवय झालीय अंगाला."

ती सवय करडईच्या तेलाची होती. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत मला हाक मारता आली असती.

गाडी सुखरूप पोचली, हे त्याच्या आईचं पुण्य. पण मागापुढं उभा असताना तो कोसळला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो छाती धरून पडला होता, घामानं भिजलेला. मरतोय मी, एवढंच म्हणत होता. शेजारी कारखान्याचे मॅनेजर उभे. नवी बाटली मी घरून उचलून आणली होती, ती माझ्या खिशात होती.

डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय? किती?"

त्यानं सांगितलं. "रोज घेतो तेवढंच. अण्णांना विचारा. ते बघत होते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मॅनेजरही.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "त्याचं तो मोजतो."

संध्याकाळपर्यंत तो सावरला. डॉक्टर म्हणाले, जास्त झालं होतं, उतरलं, धोका नाही. मॅनेजर बाहेर मला म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं बघून पोलिसात जात नाही. पण नशेत मागापाशी आलेला माणूस आम्हाला चालत नाही." तेव्हाही मी चपलेकडे बघत होतो. खरं सांगितलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती.

घरी आल्यावर तो बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझंच मोजायला चुकलं असणार. लक्ष नसतंच की माझं."

मी त्याला शाळेत जे शिकवलं होतं, तेच तो मला परत म्हणून दाखवत होता. मी पाणी प्यायला उठलो.

त्यानं तेल सोडलं, आणि स्वतःवरचा भरवसाही. आता तो इचलकरंजीत एका कापडाच्या दुकानात हिशेब बघतो, आणि प्रत्येक आकडा दुसऱ्याकडून तपासून घेतो. त्या तेलानं त्याला खरंच बरं वाटत होतं का, हे आता कुणालाच कळणार नाही. ते कळण्याची वाट मीच बुजवली.

रविवारी त्याचा फोन येतो. आई बोलते, मग फोन माझ्याकडे देते. मागच्या रविवारी मी ठरवून बसलो होतो. तू मोजायला चुकला नव्हतास, एवढं एकच वाक्य.

"अण्णा, बोला की."

"ते तेलाचं..." मी म्हणालो.

"कसलं तेल?"

बायको शेजारी शेंगाचटणीचा डबा बांधत होती, त्याच्याकडे पाठवायला.

"करडईचं," मी म्हणालो. "आई चटणी पाठवतेय. वर थोडं तेल घेऊन खा. कोरडी खाऊ नको."