युसुफच्या खोलीपर्यंत

पार्किंगमध्ये माझ्या हातातला रेडिओ स्वच्छ वाजत होता. मी केअर होमचं दार ओलांडलं, तसा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा बुडबुडला आणि पार बंद पडला. पहिल्या मजल्यावर, युसुफच्या खोलीत, काहीच नाही. युसुफ खुर्चीत बसून गप्प पडलेल्या सेटकडे बघत होते.

आमचं मलेशियातल्या मलय भाषेतलं स्टेशन सुरू होऊन तेव्हा एकच आठवडा झाला होता. मी मराठी, ब्रॉडकास्ट इंजिनियर. रिटायर झाल्यावर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या या स्टेशनचं तांत्रिक काम अंगावर घेतलं होतं. जाहिराती नाहीत, मालक नाही. मिडलंड्समधल्या मलय नर्सेस, स्टुडंट्स आणि म्हातारी माणसं मिळून ते चालवत. आधी दुसऱ्यांच्या स्टेशनवर आठवड्याला तासभर मिळायचा. मग परवाना आला, एका टॉवर ब्लॉकच्या छतावर ट्रान्समीटर बसला.

या सगळ्यामागे होत्या रोहानी, रिटायर्ड मिडवाइफ. सगळे त्यांना काक रोहानी म्हणत. काक म्हणजे ताई. युसुफ त्यांचे यजमान. त्यांचा जन्म गेला इथल्या कार फॅक्टरीत. डिमेन्शिया झाला आणि त्यांचं इंग्लिश पुसून गेलं. उरली फक्त क्लांतानची, त्यांच्या गावाकडची मलय बोली. केअर होममध्ये ती कोणालाच येत नव्हती.

कमिटीला प्रमाण मलय हवी होती. काक रोहानी ऐकेनात. "बातम्या तुमच्या भाषेत द्या. सकाळचा तास मी क्लांतानीत बोलणार."

आणि नेमका तोच तास युसुफपर्यंत पोचत नव्हता.

कारण साधं होतं. केअर होमला नव्या खिडक्या बसवल्या होत्या. ऊब टिकावी म्हणून अशा काचांवर धातूचा अगदी पातळ थर असतो. तो ऊब आत ठेवतो आणि सिग्नल बाहेर. उपायही साधाच. बाहेर एरियल लावायचा आणि वायर आत आणायची.

केअर होमची मॅनेजर निशा. तिचे आजोबा पुण्याहून आलेले डॉक्टर, ती इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं.

"आंटी, भिंतीला ड्रिल नाही करता येणार. बिल्डिंग लँडलॉर्डचा आहे. माझं नोकरी जाईल."

"स्टेशन टॅबलेटवर लावून दिलंस तर?"

"ट्राय केला. त्यांनी तो उशीखाली ठेवला. त्यांना बटणवाली रेडिओच कळते."

मी बाहेरून भिंत बघितली. खिडकीशेजारून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली जात होता. "पाइपला पट्ट्याने एरियल बांधते. वायर खिडकीवरच्या हवेच्या फटीतून घेते. एकही भोक नाही."

निशाने लँडलॉर्डला फोन केला. बराच वेळ बोलली. मग अंगठा वर करून मला होकार दिला.

पुढच्या सोमवारी एरियल बसला. आवाज आला, लख्ख. त्या दिवशीचा कार्यक्रम काक रोहानींनी आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता, कारण युसुफ ऐकतील तेव्हा त्यांना शेजारी बसायचं होतं. नेहमीचा स्कार्फ सोडून नवा बांधून आल्या होत्या.

रेडिओवर त्या नदीकाठच्या गावाबद्दल बोलत होत्या. युसुफ पुढे झुकले. चेहरा उजळला. कित्येक महिन्यांनी त्यांना असं बघितलं, असं निशा हळूच म्हणाली. काक रोहानींनी त्यांचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलल्या.

युसुफनी हात सोडवून घेतला. ओठांवर बोट ठेवलं आणि दोन वाक्यं बोलले.

काक रोहानींनी हात मागे घेतला.

"काय म्हणाले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणाले, बाई, जरा गप्प बसा. माझी बायको बोलतेय."

पुढे आम्ही तो कार्यक्रम दुपारी पुन्हा लावायला लागलो. सकाळी त्या स्टुडिओत बोलायच्या आणि दुपारी युसुफच्या शेजारी बसून स्वतःलाच ऐकायच्या, काही न बोलता. कधी कधी युसुफ त्यांना बायकोबद्दल सांगत. ती लांब कामाला असते, पण रोज न चुकता बोलते, म्हणत. "छान आहे हो तुमची बायको," असं त्या उत्तर देत.

हिवाळ्यात युसुफ गेले. दफनानंतर मी काक रोहानींना म्हटलं, "सावकाश या. तोवर गाणी लावते."

"गाणीच लाव," त्या म्हणाल्या. "त्या बोलीत बोलायला आता माझ्याकडे कोणी नाही."

स्टेशन चालू आहे. बातम्या, गाणी, नर्सेसचा फोन-इन, सगळं वेळेवर होतं. सकाळचा तास अजून कोणी घेतलेला नाही.

नव्या इंजिनियरांना मी शिकवते, तेव्हा ते कव्हरेजचा, म्हणजे सिग्नल कुठवर जातो त्याचा, हिरवा नकाशा दाखवून म्हणतात, पोचलो. मी म्हणते, सिग्नल पोचला. तेवढंच आपलं काम, आणि तेवढंच आपल्या हातात.