खोक्यावरच्या कुसुमावती

घडियाळी पोळमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या त्या चिंचोळ्या वस्तीत, मंदाकिनी जगताप यांना लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणत. रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं होतं. निबंध मुलीनं स्वतः लिहिलाय की आईनं सांगितलाय, हे त्यांना दोन ओळींत कळायचं. मग त्या वही मिटून मुलीकडे नुसत्या बघत राहायच्या, आणि मुलगी आपणहून कबुली द्यायची. निवृत्त झाल्यावर बघायला मुली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांची ती नजर बाजाराकडे वळली.

बाजारानंही त्यांना कारणं दिली. पोळच्या गणपतीच्या कमानीवर एका वर्षी गादीच्या कंपनीचं नाव आलं, तेही बाप्पापेक्षा मोठ्या अक्षरांत. नवरात्रात गरब्याला पास लागायला लागले, आणि पासवर मोबाइल कंपनीचं चित्र. दिवाळीच्या आधी वर्तमानपत्रातून इतके कागद गळायचे की बातम्या शोधाव्या लागत. बाईंचे यजमान उदयसिंहराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणायचे की काळ बदलतो, आपण बघत राहावं. बाई म्हणायच्या, फुकट दिलेल्या वस्तूचे पैसे कोणीतरी घेतलेलेच असतात, फक्त कोणाकडून ते सांगत नाहीत.

त्या घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई, कुसुमावती. त्यांचे यजमान दत्ताजीराव रेल्वेत होते, ते लवकर गेले. मुलगा आनंद बँकेत लागला आणि मांजलपूरला फ्लॅट घेऊन राहिला. कुसुमावती मात्र पोळमध्येच राहिल्या, खालच्या मजल्यावर. बोलणं अगदी कमी. दिवाळीचा फराळ त्यांच्या हातचा असायचा आणि त्यातही अनारसे. तुपात सोडलेला अनारसा फुटून पसरला की तो हसला असं म्हणतात. कुसुमावतींचा अनारसा सहसा हसत नसे. फराळाची ताटं विणलेल्या रुमालाखाली झाकून घरोघरी न्यायचं काम मंदाकिनीबाईंचं. तेव्हा शाळेत, पोळमध्ये, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत ते ‘बाईंचे अनारसे’ म्हणूनच ओळखले जात.

मी त्याच पोळमध्ये वाढलो. पुढचं सगळं मी थोडं पाहिलं आणि बरंचसं बाईंच्या तोंडून ऐकलं.

दोन हजार आठच्या दिवाळीत, धनत्रयोदशीला, उदयसिंहरावांचा विम्याचा एजंट मिठाईचा खोका देऊन गेला. बाईंना एजंटाचा संशय होताच, म्हणून त्यांनी खोका उघडण्याआधी उलटसुलट करून पाहिला. झाकणावर एक म्हातारी बाई होती. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हातात अनारशांची थाळी. खाली गुजरातीत लिहिलं होतं, दादीमाच्या हातची चव. लहरीपुऱ्यातल्या एका मोठ्या फरसाणाच्या दुकानाचं नाव होतं. आणि ती बाई म्हणजे कुसुमावती होत्या.

बाईंनी खोका पदराखाली घेतला आणि वर नेऊन कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. वहिनींना हे कळता कामा नये, असं त्यांना प्रथम वाटलं. साधी बाई, कोणीतरी फोटो चोरला आणि त्यावर धंदा मांडला, हे ऐकून त्या हाय खातील. दुसरा विचार आला तो मात्र वेगळा होता. चोरणारा बाहेरचा कसा असेल? फोटो जवळून काढलेला होता. थाळी त्यांच्याच घरची दिसत होती.

मग त्यांनी मनात एकेकाला उभं केलं. गौरीच्या हळदीकुंकवाला कॅमेरा घेऊन आलेली शेजारची मुलगी. घराला रंग द्यायला आलेला माणूस. आणि आनंद. आनंदनं नुकतीच गाडी घेतली होती. बाईंना ते आठवलं आणि तिथंच त्यांचं मन अडकलं.

त्यांनी आनंदला बँकेत फोन केला आणि आडवळणानं विचारलं की आईचा एखादा फोटो त्यानं कोणाला दिला होता का. आनंद काउंटरवर होता, समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून तो क्षणभर थांबला. बाईंनी त्या थांबण्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. त्या म्हणाल्या की आईला विकून गाडी घेता येते, हे त्यांना माहीत नव्हतं. आनंदनं काय झालंय ते नीट विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर तो एवढंच म्हणाला, “काकू, मला शाळेतून तुम्हीच घरी आणायचात. तुम्ही मला असं विचारलंत.” आणि फोन ठेवला. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला तो, त्याची बायको, मुलं, कोणीच आलं नाही. कुसुमावती दिवसभर दाराकडे बघत होत्या. मुलाला ताप असेल, असं त्याच म्हणाल्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर बाई खोका पिशवीत घालून लहरीपुऱ्याला गेल्या. दुकानाचे मालक गजेंद्रभाई गल्ल्यावर होते. खोका पाहून त्यांनी हात जोडले, आत बसवलं, चहा मागवला. एवढा आदर पाहून बाईंचा संशय वाढला. फोटो कोणी दिला, असं त्यांनी सरळ विचारलं. गजेंद्रभाई गोंधळले. ही बाई कशासाठी आली आहे, आणखी काही मागायला की भांडायला, याचा ते अंदाज घेत होते. शेवटी ते मराठी-गुजराती मिसळून म्हणाले, “बेन, आमच्यावर कशाला रागावता? घरमां पूछो. खोक्यावरच्या बांनाच विचारा.”

बाई निघताना त्यांनी नवा खोका पुढे केला. बाईंनी तो गल्ल्यावरच ठेवला.

घरी आल्या तेव्हा कुसुमावती खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंनी पिशवीतून खोका काढून त्यांच्यासमोर ठेवला.

“वहिनी, हा फोटो तुमचा आहे.”

कुसुमावतींनी हात पुसले, चष्मा लावला आणि झाकण उजेडाकडे धरलं. “बरा आलाय,” त्या म्हणाल्या. “थाळी जरा तिरकी झाली.”

बाई खालीच बसल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी देवळातल्या अन्नकूटाच्या नैवेद्यासाठी कुसुमावतींनी अनारसे दिले होते. गजेंद्रभाईंनी प्रसाद म्हणून खाल्ले आणि पुजाऱ्याला विचारत विचारत दारापर्यंत आले. बाई तेव्हा कुठल्या तरी लग्नाला अहमदाबादला गेलेल्या. मग यंदाच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी कुसुमावती एकट्या रिक्षानं त्यांच्या कारखान्यात गेल्या, आचाऱ्यांना अनारसे करून दाखवले आणि आपली थाळी घेऊन फोटोला उभ्या राहिल्या. मोबदल्यात काय मिळालं, असं बाईंनी विचारलं. दोन साड्या मिळाल्या होत्या. त्या ट्रंकेत तशाच होत्या.

“उभं राहायच्या आधी मी त्यांना विचारलं,” कुसुमावती म्हणाल्या, “की सणाच्या खोक्यावर माझ्यासारखी विधवा चालेल का? ते म्हणाले, बा, तुम्ही आहात तशाच हव्यात.”

बाईंना राग आला होता, पण तो आता कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तू जाऊ दिलं नसतंस. त्यांना सतरा प्रश्न विचारले असतेस.” कुसुमावतींनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “मंदा, इतकी वर्षं ताटं तू न्यायचीस. बाईंचे अनारसे, असं लोक म्हणायचे. मला त्याचं वाईट नाही वाटलं. पण हे कोणी केले, असं त्या भाईंनी विचारलं. ते मला याआधी कोणी विचारलं नव्हतं.”

बाईंनी पुढे मला सांगितलं की त्या दिवाळीत त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त वहिनींवर नाही. वहिनी काही ठरवून करू शकतात, हेच त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर त्या मांजलपूरला गेल्या. आनंदनं दार उघडलं, पण बराच वेळ पाणीसुद्धा विचारलं नाही. बाईंनी त्याच्या मुलांसमोर त्याची माफी मागितली. त्यानं माफ केलं. तरी त्यानंतर बाईंचा फोन आला की तो आधी विचारायचा, “काय झालं, काकू?” ते त्यांना लागायचं.

पुढच्या वर्षी नवरात्र संपता संपता शहरात मोठाले फलक लागले. खोक्यावरची दादीमा आता रस्त्यावर आली होती. बाई भाजी घ्यायला मांडवीकडे गेल्या असताना त्यांनी तो फलक पाहिला आणि थांबल्या. चेहरा वहिनींचा होता. नऊवारी गेली होती, पदर गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढे आला होता. खाली नाव आलं होतं, जमनाबा. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि मोकळ्या कपाळावर मोठं लाल कुंकू.

या वेळी त्यांनी कोणालाही फोन केला नाही. त्या घरी आल्या आणि वहिनींना सांगितलं की आपल्याला एक गोष्ट बघायला जायचंय. दोघी रिक्षानं गेल्या. कुसुमावती फलकाखाली मान वर करून उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे त्यांना धक्का देऊन जात होते. मग त्या म्हणाल्या की यजमान गेले तेव्हा माझ्या कपाळावरचं कुंकू सासूबाईंनी पुसलं होतं, आपल्या हातानं, आणि पुसताना सासूबाई रडत होत्या. बाईंनी ते त्या दिवशी प्रथम ऐकलं.

बाईंच्या मनात वकील होता, वर्तमानपत्राला पत्र होतं, आणखी बरंच काही होतं. कुसुमावती म्हणाल्या, काही नको, वसुबारसेला मला दुकानात घेऊन चल.

वसुबारसेला लहरीपुऱ्याच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपन्यांची माणसं त्याच नव्या चित्राच्या खोक्यांच्या थप्प्या टेम्पोत भरत होती. कुसुमावतींनी ठेवणीतली पांढरट नऊवारी नेसली होती. गिऱ्हाइकांसाठी भिंतीलगत एक बाकडं होतं, त्यावर त्या जाऊन बसल्या. बाई शेजारी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं एका गिऱ्हाईक बाईनं खोक्याकडे पाहिलं, कुसुमावतींकडे पाहिलं आणि गुजरातीत विचारलं की बा, हा फोटो तुमचाच का?

“फोटो माझा,” कुसुमावती म्हणाल्या. “नाव माझं नाही. कुंकू माझं नाही. आणि आतले अनारसे मी केलेले नाहीत.”

आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. जो विचारेल त्याला त्या तेवढंच सांगत राहिल्या, गुजरात्याला गुजरातीत, मराठी माणसाला मराठीत. लोक ऐकत, खोक्याकडे बघत, काही जण तो घेऊन जात, काही जण परत ठेवत. दुकानात हळूहळू कुजबूज वाढली. गजेंद्रभाई स्वतः पाणी घेऊन आले. ते वाकून म्हणाले की हे जाहिरातवाल्यांचं काम आहे, मुंबईहून करून आलं, सणाला कोरं कपाळ चालत नाही असं त्यांनी सांगितलं.

“तुम्हीच म्हणाला होतात, आहात तशाच हव्यात,” कुसुमावती म्हणाल्या.

गजेंद्रभाईंनी पाण्याचा पेला बाकड्यावर ठेवला. ते गल्ल्यामागे गेले, मुलाशी बराच वेळ बोलले. संध्याकाळी दुकानातली माणसं एकेका झाकणावरच्या फोटोवर सोनेरी कागदाची पणती चिकटवायला बसली. कुसुमावती ते काम सुरू झाल्यावरच उठल्या. फलक दिवाळीनंतर उतरला. पुढच्या वर्षीच्या खोक्यावर नुसती रांगोळी होती.

बाईंचा त्या पणत्यांवर विश्वास नव्हता. दिवाळी संपेपर्यंत त्या रोज काही ना काही निमित्त काढून दुकानापुढून जायच्या. दुकानाच्या अलकापुरीतल्या शाखेत एका खोक्यावरचा कागद त्यांना अर्धवट सुटलेला दिसला. मुद्दाम काढला की डिंक कमी पडला, हे त्या शेवटपर्यंत ठरवू शकल्या नाहीत. तो खोका त्यांनी विकत घेतला आणि घरी आणून बंबात घातला.

त्या दुकानातल्या प्रसंगाची बातमी मात्र पसरली होती. अनारसे शिकायला बायका यायला लागल्या. पहिली आली ती कांचन, रिफायनरीत काम करणाऱ्या माणसाची बायको, नाशिककडची. बाईंनी तिला दारातच अडवलं. कोणी पाठवलं, यजमान कुठल्या खात्यात आहेत, कुठल्या मिठाईवाल्याशी ओळख आहे का, सगळं विचारलं. कांचन बिचारी पिशवी सावरत उत्तरं देत होती. दिवाळीला घरी जाता येत नाही आणि आई आता नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा बाई बाजूला झाल्या.

कुसुमावतींनी तिच्यासमोर पीठ ठेवलं. खसखशीवर थापायला सांगितलं. तिचा पहिला अनारसा तुपात पडला तो पुरता हसला, आणि कढईभर तुकडे झाले. कांचन ओशाळली. कुसुमावतींनी झाऱ्यानं तुकडे काढून वाटीत ठेवले आणि ती वाटी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. “चव आहे,” त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून कांचनच्या शेजारी बसल्या. तिची पिशवी त्यांनी पायाशी, आपल्याला दिसेल अशी ठेवून घेतली होती.