वन्संचा नकाशा

भोर आणि वेल्हे हे दोन तालुके मिळून जेवढा राग असेल, त्यातला निम्मा एकट्या आमच्या थोरल्या वन्संकडे आहे. तीस वर्षं सरकारी नर्सबाई म्हणून त्यांनी डोंगरातल्या वाड्या पायी पालथ्या घातल्या आणि प्रत्येक वाडीत कुणाला ना कुणाला झापलं. किकवीला एसटी न थांबवणाऱ्या ड्रायव्हरला तर त्यांनी मागच्या टेम्पोने पाठलाग करून भोरच्या स्टँडवर गाठलं होतं. निवृत्तीनंतर एवढ्या रागाचं काय होणार, ही आम्हा घरच्यांची मोठी काळजी होती.

मग वेल्ह्याकडच्या एका वाडीत त्यांच्या ओळखीच्या बाईला साप चावला. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नवखा. मोबाईलने दाखवलेल्या रस्त्याने तो गेला आणि धरणाच्या पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. तो रस्ता पावसाळ्यात बुडतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. मोबाईल मात्र म्हणत होता, सरळ जा. बाई वाचली, पण पायाची दोन बोटं गेली. वन्संनी नकाशावाल्या कंपनीला तक्रार धाडली. उत्तर आलं, 'सूचनेबद्दल आभार.' रस्ता तसाच. "आभार कसले मानता, मेल्यांनो? हितं बाईची बोटं गेली!" वन्सं पडद्यावर ओरडल्या. मलाही तेव्हा तेवढाच संताप आला होता, फक्त माझा आवाज पोचत नाही.

मी त्यांना दुसरा एक नकाशा दाखवला. तो कुठल्याच कंपनीचा नाही. लोकच भरतात, लोकच दुरुस्त करतात, आणि रेंज नसली तरी चालतो.

"म्हंजी चूक दिसली तर म्या सोता खोडायची?"

"हो, वन्सं."

"कुणाला न इचारता?"

त्यांचा चेहरा असा फुलला, की लग्नातही फुलला नसेल.

तेव्हापासून माझी स्कूटी आणि माझे रविवार त्यांच्या ताब्यात गेले. पायवाटा, झरे, बुडणारे रस्ते, सगळं त्यांनी नकाशात घातलं. वरव्याजवळच्या एका पुलाच्या माहितीत 'अर्धा ठेवलाय, लाज नाही' असंही लिहिलं. ते कुणीतरी काढलं. वन्संनी पुन्हा लिहिलं. असं पाच वेळा झालं.

आणि एके दिवशी उंबरटेक नावाची वाडीच नकाशातून नाहीशी झाली. उपग्रहाच्या फोटोत घरं दिसत नाहीत, म्हणून दूरच्या शहरातल्या कुणा नकाशेवाल्याने नाव पुसलं होतं. वन्सं पेटल्या. "बसल्या जागी गाव पुसतो? चल, दाखवतेच त्याला!" गुडघ्यांना पट्टे बांधून त्या चढ चढल्या, मी मागे धापा टाकत.

वर खरंच कुणी नव्हतं. माणसं केव्हाच शिवऱ्याकडे, हायवेला कामाला उतरली होती. नुसती जोती उरलेली, त्यांत गवत. वन्सं एकेका जोत्यापाशी थांबत गेल्या. "हितं जुळी झाली. लई अवघड बाळंतपण. हितली पोरगी पायाळू."

मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या एका जोत्यावर टेकल्या. मग मोबाईल काढून वाडीचं नाव परत लिहिलं आणि त्या अनोळखी माणसासाठी खाली एक ओळ: 'इथं आता कोणी राहत नाही, तुमचं खरं आहे. पण कृपा करून नाव राहू द्या.'

'कृपा करून' हे शब्द वन्संना येतात, हे मला त्या दिवशी कळलं.