पिवळ्या रेघेपर्यंतचा देश

बटाट्याच्या गरम चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं की जी आंबट वाफ नाकात जाते, ती मला अजूनही डंडॉकबाहेरच्या त्या पेट्रोल पंपावर नेऊन उभी करते.

२०१० साली मी नवऱ्यापाठोपाठ आयर्लंडला आले. विमानतळावरून घरी येतानाच हेमंतने सगळं पढवलं होतं. राजधानी डब्लिन, चलन युरो, गाडी डावीकडून. आणि आपल्या डंडॉक गावापुढे दुसरा देश लागतो, ब्रिटिश अमलाखालचा; तिथे आपला व्हिसा चालत नाही.

शेजारची मॉरीन दर शनिवारी तिकडे स्वस्त सामान आणायला जायची. एकदा मलाही घेऊन निघाली. "अगं, कोणी विचारत नाही. काही होत नाही, इट्स ग्रँड!" पण मी सीमेआधीच्या पंपावर उतरलेच.

मला वाटलं होतं, फाटक असेल, पोलीस असतील. काहीच नव्हतं. रस्त्याकडेची पिवळी रेघ संपून पांढरी सुरू होत होती, एवढंच. पलीकडे तसंच गवत, तशाच मेंढ्या. एक कुत्रा तिकडे जाऊन, खांब हुंगून परत आला. पर्स छातीशी धरून मी बघत राहिले. त्या मेल्याचा मला हेवा वाटला.

मॉरीन परतली ती कागदात गुंडाळलेल्या चिप्स घेऊन. "तुला येता आलं नाही ना, म्हणून तिकडून आणल्या."

आता माझ्याकडे आयरिश पासपोर्ट आहे. हवं तेव्हा पलीकडे जाते, कुणी अडवत नाही. तसं तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं.

त्या दिवशी पंपावर माझ्या डोळ्यांत पाणी बघून मॉरीन म्हणाली, "व्हिनेगर जास्त झालं का?"

मी हो म्हटलं. खरं तर चव अगदी आमच्या डंडॉकच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्यासारखीच होती. जराही फरक नव्हता, आणि तेच गिळवत नव्हतं.